बंद हाय ना?

बारामतीत, भिगवण रस्त्याच्या अंगाला, हिंदुरावांचं पत्र्याचं शेड होतं. शेतातले जळके ट्रान्सफॉर्मर तिथं दुरुस्तीला यायचे. दुरुस्ती झाली की ट्रान्सफॉर्मरला करंट द्यायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या लोखंडी टाकीला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, हे काम जोतीरामाचं. नुसत्या गुणगुणीवरून तो आत काय ढिलं आहे ते सांगायचा.

"तात्या, तुमचा कान म्हंजी आमचं मशीन हाय," हिंदुराव म्हणायचे.

"मग मशीनला च्या तरी पाजा की, मालक!"

ही गुणगुण कशाची, ते त्याला त्याच्या पोरानं, दीपकनं सांगितलं होतं. दीपक तेव्हा आयटीआयला होता. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पोलादी पत्र्यांची चवड असते, त्या पत्र्या म्हणजे स्फटिकांचे दाणेच. करंट फिरला की त्यांचं चुंबक होतं, आणि चुंबक झालं की दाणा न् दाणा ताणतो, पुन्हा आखडतो. सेकंदाला शंभरदा.

"डोळ्याला दिसत न्हाय आबा, पर कानाला कळतंय."

"मग दुखत आसंल की रं त्येला!" जोतीराम म्हणाला होता, आणि बापलेक पोट धरून हसले होते.

पुढं दीपक वायरमन झाला, ठेक्यावरचा. गेल्या साली निमगाव केतकीच्या पलीकडं एका शिवारात तो डीपीवर, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढला. लाईन बंद करायला सांगितलेलं होतं. चढताना त्यानं वरून विचारलं, "बंद हाय ना?" खालून कुणीतरी म्हणालं, "हाय हाय." कोण म्हणालं, ते नंतर कुणालाच आठवेना. जोतीराम पोचला तेव्हा पोराला खाली उतरवलं होतं. टाकीच्या झाकणावर तेवढा तळहाताएवढा काळा डाग होता.

तो डाग त्यानं या पौषात पुन्हा पाहिला. टेम्पोतून ट्रान्सफॉर्मर उतरवला आणि त्याची नजर झाकणावर गेली. तोच डीपी. आतलं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग जळलं होतं. तेल काढलेलं, वायरी तोडलेल्या, नुसतं लोखंडाचं धूड. हिंदुराव जेवायला गेले होते. जोतीरामानं काही विचार न करता, सवयीनं, स्क्रूड्रायव्हर लावला.

आत गुणगुण होती.

शेजारच्या मशीनचा आवाज जमिनीतून येत असेल, असं म्हणून त्यानं शेडचं मेन स्विच खाली ओढलं. पंखे थांबले. बाहेर लिंबावर कावळा ओरडत होता तेवढाच. त्यानं पुन्हा कान लावला. गुणगुण तशीच, पण आता ती एकसारखी नव्हती. चढत होती, उतरत होती आणि शेवटी लांबत होती. दीपक लहानपणापासून 'ना' असाच लांबवायचा.

बंद हाय नाऽ?

भ्रम झाला म्हणावं, तर कानानं त्याला उभ्या जन्मात कधी फसवलं नव्हतं. त्यानं टाकीला तोंड लावलं.

"हाय रं बाबा. बंद हाय. उतर आता खाली."

आतलं थोडं थांबलं. मग पुन्हा तेच. पोर अजून वरच होतं.

हिंदुराव जेवून आले. "तात्या, पत्र्यांचा कोअर धड दिसतोय. नुसतं वाइंडिंग भरा आन् उद्या चार्ज करून बघू."

चार्ज! म्हणजे पुन्हा तोच करंट, त्याच पोराच्या अंगातून, आणि तोही बापाच्या हातानं. आयुष्यात पहिल्यांदा जोतीराम मालकाशी खोटं बोलला.

"पत्र्या गेल्यात, मालक. दुसऱ्या घालाय लागतील. ह्या... ह्या म्या घरी न्हेतो."

"भंगार घरी नेऊन काय करणार?" हिंदुरावांची नजर झाकणाकडं गेली, डागावर थांबली. मग त्यांनी वर बघितलंच नाही. "न्या," एवढंच म्हणाले.

कोअर उकलताना त्यानं एकेक पत्री जपून काढली, जशीच्या तशी रचली, पट्टीनं घट्ट आवळली. टेम्पोत घालून घरी आणली आणि दीपकच्या खाटंखाली ठेवली. "दीपकच्या डीपीतलं लोखंड हाय," त्यानं सिंधुबाईला सांगितलं. बायकोनं पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि आत गेली.

नव्या पत्र्या घालून ट्रान्सफॉर्मर शिवारात परत गेला. जोतीराम कामावर जाईना. दिवसभर खाटंपाशी पडून, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून पोराला समजावायचा. एक वाटायचं, याला खात्री पटली की हा उतरेल, सुटेल. एके दुपारी आतून पुन्हा विचारणं झालं, आणि त्यानं सांगितलं, "बंद हाय, लेकरा. आता कायमची बंद. कुणी चालू करत न्हाय. तुजा बाप सांगतोय."

आतलं गप्प झालं. पहिल्यांदाच, अगदी गप्प. विश्वास बसला होता.

जोतीरामाला रडू फुटलं.

आणि चवड थरारली. स्क्रूड्रायव्हर हातात नाचायला लागला.

फोन वाजला. दीपक गेला त्या शिवारातला शेतकरी, दत्तोबा होता. "तात्या, डीपी चालू केला बरं का आत्ताच! पानी जोरात हाय. पर ह्येचा आवाज कसा न्हाय ओ? मुक्यावानी उभा हाय."

"बंद कर! दत्तोबा, बंद कर त्यो!"

"बंद? आवं, समद्यांच्या मोटारी लागल्यात..."

फोन कधी तुटला त्याला कळलं नाही. मूठ कानाशीच होती. आत आता शब्द नव्हते. दाणा न् दाणा ताणत होता, आखडत होता. खालून 'हाय हाय' म्हणणारा या वेळी तोच होता.

सिंधुबाई हात पुसत आली. वाकून तिनं लोखंडावर तळवा ठेवला, आणि तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला.

"आवं, ह्यो थरथरतोय! थंडी वाजतीया पोराला."

जोतीरामानं स्क्रूड्रायव्हर कानापासून खाली घेतला.

तिनं दीपकची गोधडी आणली, खाटंखाली शिरून नीट चारी बाजूंनी खोचली. वरनं हळूहळू थोपटत राहिली.

"बघा," ती म्हणाली, "कसं ऊब धरतंय."