शून्य शंका

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊच्या तासाला डॉ. यमुना केळुसकरांनी वर्गात मुद्दाम चुकीचं शिकवलं.

मुद्दाम, बरं का. बाई घसरल्या, विसरल्या असलं काही नाही. कऱ्हाडजवळ कृष्णेकाठच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बाई तीस वर्षं द्रवयांत्रिकी, म्हणजे पाण्याच्या वाहण्याचं शास्त्र, शिकवत आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर एक नळ काढला. एका बाजूला रुंद, पुढे निमुळता होत गेलेला. मग मुलांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "नळ अरुंद होत जातो तसा आतल्या पाण्याचा वेग कमी कमी होत जातो."

साठ मुलांनी माना खाली घातल्या आणि वाक्य उतरवून घेतलं.

बाईंच्या टेबलावर शंकाफलक होता. त्यावर साठ दिवे, प्रत्येक मुलाचा एक. मुलाच्या मनात काही अडलं की त्याचा दिवा पिवळा व्हायचा, फार अडलं की लाल. आत्ता साठही दिवे हिरवेगार होते.

"बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरलाय का कुणी?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम!" बरेच हात वर झाले.

"मग काय होतं?"

"धार जोरात उडते."

"म्हणजे तोंड अरुंद झालं की वेग वाढला. आणि मी आत्ता काय सांगितलं?"

"वेग कमी होतो."

"मग?"

वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. कुणाच्या कपाळावर आठी नाही की कुजबूज नाही. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने, ऋग्विता बाबर तिचं नाव, पेन उचलून अदबीने विचारलं, "मॅडम, दोन्ही लिहून घेऊ का?"

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. फलकावर एकही दिवा पिवळा झाला नव्हता.

आता हा फलक काय भानगड आहे ते सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी यमुनाबाईंनीच तो तयार केला होता. त्यांचा हेतू चांगला होता, हे आधी कबूल करू. वर्गात समजत नसलं तरी मुलं विचारत नाहीत, हसं होईल म्हणून गप्प बसतात आणि वर्षाच्या शेवटी गटांगळ्या खातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी शंकावेधी पट्टा बनवला. कपाळाला बांधायचा, मऊ, घड्याळाच्या पट्ट्याएवढा. माणसाला दोन गोष्टींचा मेळ लागेनासा झाला की मेंदूत एक बारीक अडखळ उमटते. आपल्याला काहीतरी समजलेलं नाही हे त्याला स्वतःला कळायच्या दोन-तीन सेकंद आधी ती उमटते. पट्टा ती नेमकी पकडायचा आणि शिक्षकाच्या कानातल्या बोंडात, म्हणजे इवल्याशा इअरफोनमध्ये, सांगायचा, तिसरा बाक, डावीकडून दुसरा, 'दाब' या शब्दापाशी अडला. शिक्षक लगेच तेवढं सोपं करून सांगायचा. मुलाच्या तोंडून प्रश्न निघायच्या आत उत्तर हजर!

निकाल असे लागले की लोकांनी तोंडात बोटं घातली. नापास होणं जवळजवळ बंद झालं. वर्षागणिक फलकावरचे पिवळे दिवेही कमी होत गेले. बाई आता इतकं सुरेख शिकवतात की शंकाच उरत नाही, असं सगळे म्हणू लागले. बाईंनाही तसंच वाटलं. कुणाला वाटणार नाही? पण यंदा महिनोन्महिने एकही दिवा पिवळा झाला नाही तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि मंगळवारची ती चूक त्यासाठीच होती.

सुरुवातीला एका माणसाच्या वर्गात मात्र फलक कायम लाल असायचा. ते प्राध्यापक हरिहर तांबवेकर, खुद्द यमुनाबाईंचे गुरुजी. त्यांची एक खोड होती. प्रत्येक तासाला ते फळ्यावर एक चूक मुद्दाम पेरायचे आणि पकडणाऱ्याला कॅन्टीनमध्ये स्वतःच्या हाताने चहा आणून द्यायचे. कोणी पकडली नाही तर तास संपला तरी चूक तशीच फळ्यावर ठेवून निघून जायचे. पोरं रात्रभर तळमळायची. फलक सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी यमुनाबाईंनी अहवाल लिहिला, 'प्रा. तांबवेकर यांच्या अध्यापनामुळे विद्यार्थ्यांत सातत्याने गोंधळ निर्माण होतो.' सरांचे तास काढून घेतले. तीन महिन्यांनी सरांनी राजीनामा दिला आणि बाई त्यांच्या निरोपसमारंभालाही गेल्या नाहीत.

ऋग्विताचा तो प्रश्न ऐकून बाई संध्याकाळी तडक सरांच्या घरी गेल्या. अठरा वर्षांनी. सर एकोणऐंशी वर्षांचे झाले होते, ओसरीवर बसून वाल सोलत होते.

"ये," ते म्हणाले. "बस. हे घे, सोलायला लाग."

बाईंनी वाल सोलता सोलता सगळं सांगितलं. फलक, अंगठा, दोन्ही लिहून घेऊ का, सगळं. सर वाल सोलतच ऐकत होते.

"तुझा फलक हिरवा झाला याचा अर्थ तू काय लावलास?" मग त्यांनी विचारलं.

"शंका नाही. म्हणजे समजलं."

"शंका नाही, हे तुझ्या यंत्राने मोजलं. समजलं, हे तू तुझ्या पदरचं घातलंस. शंका दोन कारणांनी नसते गं. एक, सगळं समजलंय म्हणून. दुसरं?"

बाईंच्या हातातला वाल तसाच राहिला. "दुसरं, शंका येणंच बंद झालंय म्हणून."

"कसं बंद होईल? पट्टा बनवताना मेंदूचा अभ्यास तूच केलास, तू सांग."

"अडखळ उमटली की मेंदूला ती काही काळ धरून ठेवावी लागते," बाई हळूहळू बोलू लागल्या. "त्या काळात माणूस अस्वस्थ असतो. ती अस्वस्थता तो शब्दांत बसवतो, तेव्हा कुठे प्रश्न तयार होतो. धरून ठेवणं ही सवय आहे, वापरली तर राहते. आम्ही वर्षाला हजारो अडखळी जाणिवेपर्यंत पोचायच्या आत मिटवल्या. मग मेंदूने हिशेब केला, की या गोष्टीवर शक्ती खर्च करून उपयोग काय? आधी धरून ठेवणं गेलं. मग अडखळ उमटणंच गेलं."

"आणि शेवटी जे सांगतील ते खरं."

"हो."

"अगं, मग माझ्या वर्गातले ते लाल दिवे..." सरांनी हातातला वाल ताटात टाकला.

बाईंना रडू आलं. "सर, मी तुमचं फार वाईट केलं. मला तेव्हा कळायला हवं होतं. तुमच्याच फळ्यावरच्या चुका पकडून मी शिकले, आणि तुमच्यावरच असा अहवाल लिहिला."

"माझी नोकरी गेली त्याचं दुःख कधीच संपलं," सर म्हणाले. "तू अहवाल लिहायच्या आधी माझ्याशी भांडायला आली नाहीस, ते मात्र अजून डाचतं. मी वाट पाहिली होती." त्यांनी वालांचं ताट आत नेलं आणि दोघांचा चहा ठेवला.

विद्यापीठाच्या अध्यापन मंडळाची बैठक त्याच शुक्रवारी होती. विषय क्रमांक चार: शंकावेधी पट्टा राज्यातल्या सर्व महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासून सक्तीचा करावा. प्रस्ताव बाईंचाच, सहा महिन्यांपूर्वीचा. तो मंजूर झाला असता तर दरवर्षी काही लाख मुलं त्या पट्ट्यात शिकली असती. काहीही करून तो हाणून पाडायचा, एवढं एकच बाईंच्या डोक्यात होतं. तीन दिवस त्या झोपल्या नाहीत. आकडे काढले, आलेख काढले, विरोध होईल म्हणून प्रत्येक आक्षेपाला उत्तर तयार ठेवलं.

मंडळाचे सभासद अकरा. अकराही जण पट्ट्यात शिकलेले, कारण पट्ट्याचा अनुभव असलेल्यांनीच पट्ट्याबद्दल ठरवावं, असा नियम होता. तो नियमही बाईंनीच सुचवला होता, कप्पाळ! अध्यक्ष डॉ. निनाद शिराळकर हे तर पहिल्या तुकडीतले, बाईंचे लाडके विद्यार्थी. बैठकीतही पट्टे बांधायची पद्धत होती आणि फलक भिंतीवर लावलेला होता. खोलीत पट्टा नसलेली माणसं दोनच, एक बाई आणि दुसरे इतिवृत्त लिहिणारे जंगमकाका. काका जुने कारकून, पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते.

बाई वीस मिनिटं बोलल्या. स्वतःची चूक एकेक करून सांगितली. अंगठ्याची गोष्ट सांगितली. "पट्टा बंद करा," शेवटी त्या म्हणाल्या, "मी हात जोडते."

"मॅडम म्हणतात ते अगदी योग्य आहे," शिराळकर म्हणाले. "पट्टा बंद करावा. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. बाईंना आधी हायसं वाटलं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. अकरा हिरवे दिवे.

"अहो, कुणी काही विचारणार नाही का?" त्यांचा आवाज चढला. "अठरा वर्षांचं काम मोडीत काढतोय आपण. माझे आकडे खोटे असतील. मला वेड लागलं असेल. भांडा की कुणीतरी माझ्याशी!"

"तुम्ही सगळं समजावलंत, मॅडम," एक प्राचार्य प्रेमाने म्हणाले.

ठराव लिहिण्याआधी मूळ विषय वाचून दाखवायची मंडळाची रीत होती. जंगमकाकांनी चष्मा लावला आणि कार्यक्रमपत्रिकेवरचं वाचलं, "विषय क्रमांक चार. शंकावेधी पट्टा सर्व महाविद्यालयांत सक्तीचा करावा."

"मंजूर," अकरा जण एका सुरात म्हणाले.

"अहो, आत्ता तर बंद करायचं ठरलं!"

"हो मॅडम, बंद," शिराळकर म्हणाले.

"मग हे मंजूर कसं काय?"

"जंगमांनी वाचलं तेही योग्य वाटलं." शिराळकरांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, संकोच नव्हता. आपल्या बाईंना आवडेल असं उत्तर दिल्याचा आनंद तेवढा होता. हा मुलगा एके काळी पहिला आला होता, बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला शाबासकी दिली होती.

बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी कुणालाही पटवलं नव्हतं. या खोलीत जो शेवटी बोलेल त्याचा ठराव होणार होता, मग बोलणारा कोणीही असो. त्या उठून जंगमकाकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. दुसरं कुणी तोंड उघडायच्या आत कागदावर सही व्हायला हवी होती.

जंगमकाकांनी मात्र पेन खाली ठेवलं होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "मॅडम," ते अडखळत म्हणाले, "एक विचारू का? मला यातलं फार कळत नाही. पण समजा पट्टा काढला, तर उद्या सकाळी हेच सगळे मास्तर वर्गात जाऊन..."

"बंद करावा, असंच लिहा काका. वरचं खोडा आणि 'तात्काळ बंद करावा' असं लिहा."

"बरं," काका म्हणाले आणि लिहू लागले. अकरा जण मंजूर म्हणाले. शिराळकरांनी सही केली, शिक्का बसला, बैठक संपली.

बाई कागदाची प्रत घेऊन जिना उतरल्या. जिंकल्या होत्या त्या. खालच्या पायरीवर त्यांचा पाय थबकला. दिवसभरात त्या खोलीत कुणाच्या तरी मनात एक शंका आली होती. एकच. एक माणूस ती धरून बसला होता, शब्द शोधत होता. कानात बोंड नव्हतं, समोरच्याच्या कपाळाला पट्टा नव्हता, तरी बाईंनी ती पुरी होऊ दिली नव्हती.

त्या धापा टाकत परत वर गेल्या. सभागृह रिकामं झालं होतं. जंगमकाका एकटेच कपबशा गोळा करत होते.

"काका, तुम्ही मघाशी काहीतरी विचारत होतात. मी मध्येच तोडलं. माझं चुकलं. काय विचारायचं होतं तुम्हाला?"

काका विचारात पडले. बाई मुकाट उभ्या राहिल्या. श्वाससुद्धा त्यांनी जपून घेतला. बराच वेळ गेला.

"काय बरं होतं..." काका ओशाळून हसले. "तुम्ही 'बंद' म्हणालात आणि मी लिहायला लागलो. डोक्यातून गेलंच बघा. आता नाही आठवत."