पुलावरून आलेली खुर्ची

सोबत काय आणलंय?

खुर्ची.

पुलावरून तो चालत आला तो खुर्ची डोक्यावर घेऊनच. भुरभुर पाऊस होता आणि तिच्याखाली त्याचा चेहरा तेवढा कोरडा. मी खिडकीतून विचारलं, "विकायला आणलीय?"

"बसायला."

"आमच्याकडे खुर्च्या नसतात असं वाटलं का?"

"तुमच्या शेजारी बसायला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... संयुक्त खिडकी. टेबल तुमचं, खुर्ची ज्याची त्याने आणायची. करारातच आहे."

होतं खरं. प्रवाशाने पुलाच्या दोन्ही टोकांना रांग लावायची नाही, असं दोन देशांनी ठरवलं होतं. एकच टेबल, दोन देशांचे दोन अधिकारी. एकाने जाण्याचा शिक्का मारायचा, दुसऱ्याने येण्याचा.

मी खुर्चीचीही नोंद केली : तात्पुरती आयात. त्याने ओठ दाबून सही केली.

किती वेळ राहणार?

टेबलाशी बसण्याआधी रोज सकाळी त्याला आमच्या देशात यावं लागे, आणि ते माझ्याच खिडकीतून.

"येण्याचं कारण?"

"काम."

"मुक्काम?"

"पाचपर्यंत. चहा मिळाला तर सव्वापाच."

"चहाची तरतूद करारात नाही, साहेब."

"मग दुरुस्ती सुचवा ना, मॅडम."

मी घरून थर्मास आणायला लागले.

"त्या खुर्चीवाल्याला साखर किती लागते, हे तुला कसं माहीत?" आईने विचारलं.

"शेजारी देशांमधलं सहकार्य आहे ते."

"हो का," आई म्हणाली. तिचं 'हो का' फार वाईट असतं.

काम मात्र काम होतं. एक माणूस एका मुलीला घेऊन आला. भाची आहे म्हणाला. कागद चोख. मी शिक्का उचलला... आणि शेजारी त्याने पेन आडवं ठेवलं. आमची खूण : थांब. त्याच्या देशाच्या संगणकावर ती मुलगी हरवलेली म्हणून नोंदलेली होती. पूर्वी तिकडची तक्रार माझ्यापर्यंत यायला महिने गेले असते. मी त्या माणसाला तिकडचा पाऊस, रस्ते, काय वाट्टेल ते विचारत राहिले, पोलीस येईपर्यंत.

नंतर त्याने ते आडवं पेन उचलून खिशाला लावलं. मी चहाचा कप पुढे केला. कप या हातातून त्या हातात जायला जरा जास्तच वेळ लागला.

इथे जवळचं कोणी आहे?

शेजारच्या खिडकीत आमचे ज्येष्ठ सहकारी, काका, बसतात. त्यांची सून पुलापलीकडची. ती माहेरी निघाली की काका खुर्चीवरून उठतात, बाहेर जाऊन आभाळ बघत उभे राहतात. आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, हा नियम. आणि उठलं की चौकीप्रमुख मोठ्या मॅडमना कारण सांगायचं, हाही.

म्हणून मी उठत नव्हते. संयुक्त खिडकी नवी होती; ती कधी फसते याची दोन्हीकडे लोक वाट बघत होते. कारण सांगितलं असतं तर आमच्यापैकी एकाची बदली ठरलेली — डोंगरावरच्या चौकीत, जिथे दिवसाला चार माणसं येतात. न सांगता तो निदान पाचपर्यंत शेजारी होता.

येण्याचं कारण?

"मॅडम," एका सकाळी तो म्हणाला, "इथे खोटं सांगणं गुन्हा आहे ना?"

"आहे."

"मग मी रोज अर्धंच सांगतोय."

"उरलेलं सांगा."

"अर्धं काम..." त्याने भिजलेले केस मागे सारले. "अर्धं तुम्ही."

मागे बॅगवाला एक गृहस्थ खोकला. माझ्या हातात शिक्का. हसून उडवून लावता आलं असतं —

मी उठले.

खुर्ची करकरली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सून आलीय का?"

"नाही, काका. हे... हे माझं माणूस आहे. तुम्ही तपासा."

मी आभाळ बघायला बाहेर गेले. आभाळात काही दिसलं नाही. डोळेच भरले होते.

मोठ्या मॅडमनी दोघांना समोर उभं केलं आणि पुलापलीकडे त्याच्या साहेबांना फोन लावला.

"इतक्या उशिरा कळवताय?" पलीकडून आवाज आला. "माहितीची देवाणघेवाण वेळेवर व्हायला हवी, मॅडम. आमच्याकडे शिपायालाही ठाऊक आहे."

मोठ्या मॅडमनी हसू गिळलं. "नियमात तपासायचं नाही असं आहे. शेजारी बसायचं नाही, असं कुठे आहे? तुमच्या शिक्क्यांवर मात्र आम्ही दोघं नजर ठेवू. जा, रांग वाढलीय."

सोबत काय आणलंय?

हल्ली तो काकांच्या खिडकीतून येतो. मी नियमाप्रमाणे पाठ फिरवून उभी असते. कान मात्र नियमात नाहीत.

"येण्याचं कारण?" आज काकांनी विचारलं.

"काम. आणि बाकीचं तुम्हाला माहीत आहे."

"सोबत?"

"आई."

मी गर्रकन वळले. त्याच्यामागे छत्री मिटत एक बाई उभ्या होत्या. आमचं टेबल, त्यामागची त्याची खुर्ची, माझी खुर्ची त्यांनी नीट पाहून घेतली.

"काय गं," त्या मला म्हणाल्या, "मीसुद्धा खुर्ची आणायला हवी होती का?"

मी माझी पुढे केली.