जहाज थांबत नाही

अलास्काच्या जहाजावर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने काय काय जवळ ठेवावं, हे मला तोंडपाठ आहे. मी स्वतः गेलेलो नाही. पण तुम्ही विचारायला एवढ्या लांब आलात, म्हणून सांगतो. चहा होऊ द्या. घाई असेल तर सुरुवातीचं ऐका आणि निघा. पुढचं ऐकलंच पाहिजे असं काही नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आमची सुरभी सिएटलला असते. तिने आम्हा दोघांसाठी जूनमधलं सात दिवसांचं जहाज ठरवून टाकलं. आर्णीत माझं शेतीच्या अवजारांचं दुकान. जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अरुणावती धरणाचं. माझी बायको लीला हिला तर एकच घोर लागलेला, सात दिवस पाण्यावर राहायचं आणि मळमळलं तर? बाथरूम कसं असेल, खायला वांग्याची भाजी मिळेल का, पायात काय घालायचं, असे पन्नास प्रश्न. शेवटी सुरभी फोनवर म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसातल्या भारतचे आईबाबा मागच्या वर्षी जाऊन आलेत. महागावच्या पुढे तांड्यावर राहतात. त्यांनाच जाऊन विचार ना."

म्हणून एका सकाळी ऊन चढायच्या आत मोटारसायकलवर निघालो. तांड्याच्या तोंडाशी हापशीवर एक बाई पाणी भरत होती. तिला खेमसिंग राठोडांचं घर विचारलं.

"टोकाचं स्लॅबचं घर," ती म्हणाली. मग लीलाकडे बघून हळूच, "हंसाबाईकडं आल्या काय? जा जा. पन थे आता आमच्यासंग आपल्या बोलीत बोलत नाई. लय शिकल्यावानी बोलते."

घर मोठं होतं, पोराने बांधून दिलेलं. दारंखिडक्या सगळ्या लावलेल्या. अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग, तोही गेल्या वर्षीचा, कोणी हात न लावलेला. मी कडी वाजवली तशी दार लगेच उघडलं, जणू कोणी आतून दाराला टेकूनच उभं होतं.

"या ना, बसा. प्रवास कसा झाला?"

हंसाबाई. साठीची बाई, हातावर गोंदण, डोक्यावर पदर. पण बोलणं पुण्याच्या शिक्षिकेसारखं, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. आम्ही आत गेलो. बाहेर दहालाच चटके बसत होते आणि आत गारवा. मी सवयीने कूलरकडे पाहिलं. कूलर बंद होता, त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली. आणि एक वास येत होता. ओल्या लोखंडाचा, आणि त्याच्या मागे काहीतरी खारट, शिळं.

खेमसिंग खाटेवर बसले होते. वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस, हाडापेराने दणकट, पण डोळे खोल गेलेले. आमच्या रामरामाला त्यांनी मानही हलवली नाही.

"कायले आले?"

मी सांगितलं. आमचं नावगाव, सुरभीचं, भारतचं, जूनच्या जहाजाचं.

"कायले जाता तिकडं? घरी पंखा नाई का?"

लीला ओशाळून हसली. तेवढ्यात हंसाबाई पाणी घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. "असं काय बोलता? पहिल्यांदा जाताहेत ते. मी सांगते ताईंना. कपडे थरावर थर घालायचे, एकच जाड स्वेटर नको. औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते. मळमळण्याआधीच गोळी घ्या, नंतर उपयोग नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, मोबाईलच्या नाही. आणि बंदरावर उतरलात की वेळेच्या आधी परत या. जहाज थांबत नाही."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी खेमसिंगांकडे पाहिलं. मी नवरा-बायकोची भांडणं पुष्कळ पाहिली आहेत. हे तसलं पाहणं नव्हतं.

"चला, तुम्हाला कपडे दाखवते," म्हणून त्यांनी लीलाचा हात धरला. लीलाने झटका बसल्यासारखा हात आखडला, मग लाजेकाजेस्तव त्यांच्या मागे आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं.

खेमसिंग दाराकडे बघत राहिले. आतून हंसाबाईंचा एकसुरी आवाज यायला लागला, तेव्हा ते खाटेवरून माझ्याकडे सरकले.

"किसनराव, तुमच्या बायकोले एकटं कायले सोडलं तिच्यापाशी?"

"काहून? काय झालं?"

"थे हंसा नाई."

माझ्या तोंडाकडे बघून ते कडवट हसले. "भारत बी असाच पाहते माह्याकडं. गोळ्या चालू केल्या त्यानं मले. अयका. मंग ठरवा, मी येडा हावो का काय थे."

त्यांनी सांगितलं ते असं. महाराष्ट्रातल्याच एका गटाबरोबर ते दोघं गेले होते. गटाची एक बाई होती, ती बसमध्ये माईकवर सगळ्यांना सूचना द्यायची. दुसऱ्या बंदरावर जहाज लागलं तेव्हा भुरभुर पाऊस होता. बसने बर्फाच्या डोंगरापाशी नेलं. तिथून एक पायवाट झाडांतून धबधब्याकडे जाते. हंसाबाई मागे राहिल्या, म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मी आली.

"वीस मिनिटं झाले. तीस झाले. मी परत आलो तं थे वाटेवर नाई. मंग दिसली... धबधब्याकडून येत होती. मी मागं सोडलती, अन् थे पुढून आली."

"दुसऱ्या वाटेनं आल्या असतील."

"वाट एकच हाये. अन् पाऊस चालू होता, किसनराव. आमी सारे वले चिंब. माह्या टोपीतून पानी गळून राह्यलतं. अन् थे..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "थे कोरडी होती. पदर कोरडा, केस कोरडे."

आतला आवाज थांबला. आम्ही दोघंही थांबलो. मग तो पुन्हा सुरू झाला.

"मी तिले आमच्या बंजाऱ्याच्या गोरबोलीत इचारलं, कुठी गेलती? चाळीस वर्सं आमी दोघं घरात थेच बोलतो. तिले मराठी धड येत नाई. तं थे माह्या तोंडाकडं पाहत राह्यली, दगडावानी. बसमधी बसली. थे गटाची बाई माईकवर सांगून राह्यलती, वेळेच्या आधी परत या, औषधं हातात ठेवा... अन् ही एकटक तिच्या तोंडाकडं पाहे. उतरताना पयल्यांदा बोलली. त्या बाईच्याच शब्दात."

मला त्या बंद घरात घाम फुटला होता, आणि तो घाम अंगावर गार लागत होता.

"जहाजावर चढताना आपलं कार्ड मशीनले लावा लागते. टिंग वाजते अन् आपला फोटो येते. तिच्यापाशी हंसाचं कार्ड होतं. टिंग वाजलं. फोटो आला. झालं. संध्याकाळी जहाज निंगालं. तिकडं जूनमधी रातच्या नऊ वाजेलोक उजेड राह्यते, सारं लख्ख दिसे. मी बाल्कनीत उभा होतो. वरच्या डेकवर लोकं हासून राह्यले, टाळ्या वाजवून राह्यले. कोनाचं जहाज सुटलं का असेच हासतात तिथी, मोबाईलनं शुटिंग घेतात. मी खाली पाह्यलं." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "धक्क्यावर एक बाई पळत येत होती. लुगडं पायात येत होतं, पडे, उठे. वली चिंब. माह्याकडं हात करून वरडत होती. गोरबोलीत."

"मग तुम्ही..."

"मी बोंबललो. माह्या मागं खोलीतून आवाज आला... 'काय झालं हो? थंडी वाजेल, आत या.'"

ते जहाजावरच्या साहेबाकडे धावले होते. साहेबाने कॉम्प्युटर पाहिला. दोघं उतरले, दोघं चढले. मॅडम तर तुमच्या शेजारीच उभ्या आहेत, म्हणाला. ही त्यांच्या शेजारी उभी राहून हसत होती.

"वर्स झालं. मी हिच्यासंग एका घरात राहून राह्यलो. हाकलू कसा? हंसाचा पासपोर्ट तिच्यापाशी, आधार तिच्यापाशी. पोरगं फोनवर तिलेच आई म्हनते. मी परत तिकडं जाची बॅग भरतो, थे खाली करते. तीनदा भरली. तीनदा कपडे घड्या घालून कपाटात ठेवले."

मी उठलो. "लीला!" मी हाक मारली. "लीला, चाल!"

दार उघडलं. लीला बाहेर आली. चेहरा पांढरा पडलेला, पदर मुठीत घट्ट धरलेला. तिने माझ्याकडे न बघता सरळ चपला घातल्या. मागे दारात हंसाबाई उभ्या होत्या. हसत नव्हत्या.

"यांचं बोलून झालं का?" त्यांनी मला विचारलं. "यांना बोलायला माणूस लागतो. पुन्हा येऊ नका."

आणि मग, चेहऱ्यावरची एक रेघही न हलवता, "प्रवासाला शुभेच्छा."

खेमसिंग अंगणापर्यंत आले, माझा नंबर लिहून घेतला. गाडी सुरू करताना माझ्या कानाशी म्हणाले, "तिकीट आलं माहं. आता रिकाम्या हातानं जातो."

आर्णीच्या रस्त्यावर पाचेक किलोमीटर लीला पदर मुठीत धरूनच बसली होती. मग एका निंबाखाली तिने गाडी थांबवायला लावली.

"अजी, थे बाई मले इचारत होती, तुमची आई तुमाले काय म्हनून हाक मारे? लहानपनी कोनतं गानं म्हने? मले वाटलं, चांगली मायाळू हाये. मी सांगत गेली. मंग पाह्यलं तं..." तिने तोंडावर हात ठेवला. "मी बोलून राह्यली, अन् थे माह्यासंगच व्हट हालवत होती. माहा शब्द निंगायच्या आधी तिचे व्हट हालत."

त्याच संध्याकाळी मी सुरभीला फोन करून जायचं रद्द केलं. कारण काय सांगणार? बीपी वाढलं म्हणालो. पोरगी रागावली, महिनाभर धड बोलली नाही. बोलू दे नाहीतर न बोलू दे. माझी लीला माझ्या घरात होती.

जूनमध्ये खेमसिंग अमेरिकेला गेले. भारतला वाटलं बाप आपल्याला भेटायला आला. दहा दिवस नीट राहिले म्हणे, आणि एक दिवस एकट्याने जाऊन जहाजावर चढले. दुसऱ्या बंदरावर उतरले ते परत चढलेच नाहीत. भारतने मला फोन केला. फार रडत होता. "काका, तुम्हाला काही बोलले होते का हो ते?"

मी नाही म्हणालो. त्याच्या आईचं त्याला कसं सांगायचं? ती तर तांड्यावर घर सांभाळून होती, रोज त्याच्याशी फोनवर बोलत होती, बाबांची काळजी करू नकोस म्हणत होती.

ऑगस्टमध्ये, भर सकाळी दहाला, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना लांबलचक आकड्यांचा एक फोन आला. आधी नुसता वारा. मग पाणी आदळल्याचा आवाज.

"किसनराव... सापडली."

"खेमसिंगभाऊ? कुठी हाये तुमी? भारत किती शोधून राह्यला तुमाले!"

"हंसा सापडली. मी हाक मारली, तिनं वळून पाह्यलं." त्यांचा आवाज हसल्यासारखा होता, की रडल्यासारखा, मला सांगता येणार नाही.

"बऱ्या हायेत ना?"

"वली हाये. वाळतच नाई. किती पुसलं तरी..."

"पोलिसाकडं जा. मानसं बोलवा. एकटे नका राहू."

"एकटे नाई आमी. लय जन हायेत इथी, किसनराव. झाडाईखाली, पान्याकडं तोंड करून उभे. गोरे, चिनी, आपल्यावानी, साऱ्या मुलखाचे. म्हाताऱ्या बाया, एक लहान पोरगी बी हाये. जहाज सुटलं का सारे पळतात... मंग परत येऊन उभे राह्यतात."

मी गिऱ्हाइकाला हाताने थांबायला सांगितलं.

"खेमसिंगभाऊ, अयका माहं..."

"तुमच्या आर्णीचा बी एक हाये."

"आर्णीचा? कोन?"

"नाव सांगत नाई. वयानं तुमच्याएवढाच. तुमचं नाव घेतलं मी, तं रडून राह्यला." वारा वाढला. त्यातून लांबून कोणीतरी काहीतरी विचारल्यासारखं वाटलं, आणि खेमसिंग फोन तोंडापासून दूर धरून म्हणाले, "हो रे बाबा, त्यालेच लावला."

फोन तुटला. त्या आकड्यावर मी पुष्कळदा लावून पाहिला. लागत नाही.

आर्णीहून तिकडे कोणी गेल्याचं मला माहीत नाही. गावात माझ्या वयाची माणसं असतील शे-दोनशे. दुकानात येतात, चहा पितात, नावाने हाक मारतात. मी पण मारतो. पहिल्यापेक्षा जरा जास्त निरखून बघतो, एवढंच.