एक्केचाळिसावा प्रसंग

अभिजात चित्रपटाला मरण नसतं, असं दिग्दर्शक छातीवर हात ठेवून पत्रकारांना म्हणाला. मग माईक बंद करून त्याने शेजारी बसलेल्या संकलकाला हळूच विचारलं, "तू तो जुना सिनेमा शेवटपर्यंत पाहिलायस का रे? शेवटी होतं काय त्यात?"

संकलकाने तो निदान साठ वेळा पाहिला होता. साठ वर्षांपूर्वीचा हिंदी चित्रपट; दिग्दर्शक आता त्याचाच रिमेक करत होता. त्याच्या एक्केचाळिसाव्या प्रसंगात, स्टेशनवरच्या गर्दीत, संकलकाची आई अकरा सेकंद उभी होती. गर्दीतली एक बाई, एवढीच तिची भूमिका. कॅमेऱ्यामागे कोणीतरी अडखळलं असावं. ती नको तिथे खळखळून हसली आणि कुणा भल्या माणसाने ते हसणं कापलं नाही. संकलक तीन वर्षांचा असताना ती गेली. आई कशी हसायची हे त्याला आणि त्याच्या ताईला त्या अकरा सेकंदांवरूनच ठाऊक होतं. रिमेकचं काम त्याने घेतलं तेही त्याचसाठी. त्या प्रसंगाची वाट लागायचीच असेल तर निदान घरच्या माणसाच्या हातून लागावी.

रिमेकची दिग्दर्शकाची कल्पना सोपी होती. जुन्यातला प्रत्येक शॉट जसाच्या तसा घ्यायचा. फक्त नटांचे दंड जाड आणि खिडक्यांचे पडदे भारी. याला तो मानवंदना म्हणे. स्वतःचं काही सुचत नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, तेव्हा हा शब्द फार उपयोगी पडतो.

संकलनाची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. खिडकीच्या काचेला काळा कागद, खुर्चीचा एक हात तुटलेला. डाव्या स्क्रीनवर जुना चित्रपट, उजव्या स्क्रीनवर नवा. दोन्ही बरोबर सुरू करायचे आणि कटाला कट जुळवायचा. दिग्दर्शक "ओके" म्हणाला की त्या प्रसंगावर हिरवी पट्टी ओढायची.

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, सातव्या प्रसंगात नायकाच्या वडिलांना चहा देणारा म्हातारा नोकर डाव्या स्क्रीनवर दिसेना. कप टेबलावर होता. वाफ येत होती. वडील "ठेव इथे" म्हणत होते; समोर कोणी नव्हतं. चार वाजता पाहिलं तर वडीलही नव्हते. खुर्ची मात्र, कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी, डुलत होती.

फाइल खराब झाली असेल म्हणून त्याने संग्रहालयातून दुसरी प्रत मागवली. तीही तशीच. घरची जुनी सीडी काढली. तीही. माणसं गेली होती ती हिरवी पट्टी लागलेल्या प्रसंगांतूनच. त्याने पट्ट्या पुसून पाहिल्या. कोणी परत आलं नाही.

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, त्या नोकराच्या सीनमध्ये चहा कोण आणतं गं?"

"नोकर कुठला? रिकामी खोली असते ती. तेच तर ग्रेट आहे त्यात." ताई हसली. "तूच एडिटर ना रे? आणि हे बघ, आईचा तुकडा नीट सांभाळ हं. नाहीतर घरात घेणार नाही तुला."

दिग्दर्शकाला त्याने मुद्दाम डावा स्क्रीन दाखवला. तीन मिनिटं रिकामा जिना, मागे प्रेमगीत चालू. दिग्दर्शकाने जांभई दिली.

"बघ. माणूस नाही, काणूस नाही, नुसता जिना! आणि लोक मला विचारतात, रिमेकची गरज काय?"

एक्केचाळिसावा प्रसंग गुरुवारी आला. नव्या मुलीने हसण्यासाठी सतरा टेक घेतले होते. सतराव्यात ती दात दुखत असल्यासारखी हसली होती.

"काय हसलीय!" दिग्दर्शक म्हणाला. "ओके कर."

"हा काढूया," संकलक म्हणाला. हात त्याने मांडीखाली घेतले होते. "गती मंदावते."

"अरे, हा तर आत्मा आहे सिनेमाचा."

"हो. पण गती मंदावते."

आत्म्याबद्दल दिग्दर्शकाला फारशी माहिती नव्हती. गती या शब्दाला मात्र तो टरकून असे. त्याने मान डोलावली. प्रसंग नव्या चित्रपटातून बाहेर गेला. पट्टी लागली नाही.

डाव्या स्क्रीनवर आई होती. हसत होती. संकलकाने ते अकरा सेकंद नऊ वेळा पाहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवला.

पुढच्या महिन्यात चित्रपट पुरा झाला.

"लॉक," दिग्दर्शक म्हणाला.

लॉक करताना, म्हणजे यापुढे बदल नाही असं ठरवताना, सबंध चित्रपटावर एकच हिरवी पट्टी ओढतात, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात चालला. मग थांबला. तोवर पट्टी ओढून झाली होती.

त्याने डावा स्क्रीन सुरू केला.

चाळिसावा प्रसंग. रिकामी खोली. मग दाराचा आवाज, आणि थेट बेचाळिसावा.

मध्ये स्टेशन नव्हतं.

कट सुरेख होता. दाराचा आवाज चित्राच्या दोन फ्रेम आधी सुरू होत होता. ती लकब दुसऱ्या कुणाची नव्हती, त्याचीच होती.

त्याने फोन उचलला.

"ताई, आई कशी हसायची गं?"



"मला कसं ठाऊक असणार?" ताई म्हणाली. "आपल्याकडे तिचा साधा फोटोसुद्धा नाही. आज एकदम हे काय काढलंस?"

नवा चित्रपट नऊ दिवस चालला.