परातीएवढं पुस्तक

दसऱ्याच्या सकाळी सरोवर वाचनालयाच्या ग्रंथपाल स्नेहलताई डोळे पुसत अनुजा इंगवलेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा अनुजाचे बाळासोमामा बासुंदीची दुसरी वाटी संपवत होते. मामा म्हणजे मुरगूडचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. भाची खासगी तपासाची कामं घेते म्हटल्यावर आपणही अर्धे गुप्तहेर झालो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

काल खंडेनवमीला वाचनालयातून एक नवं पुस्तक नाहीसं झालं होतं आणि अध्यक्ष विजयसिंहांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत पुस्तक द्या नाहीतर राजीनामा.

"चोरीचा शिक्का घेऊन मी या गावात कुठं तोंड दाखवू?" स्नेहलताई म्हणाल्या.

मामांना वाटी गोड लागेना. सगळे लगेच निघाले.

वाचनालयाच्या दारावर सकाळीच एक पोस्टर लागलं होतं. प्राध्यापक अभिराम यांच्या तळ्यांवरच्या ग्रंथाचं आज दुपारी तिथंच प्रकाशन होतं. पोस्टरवर एक जुनं तळं, दगडी पायऱ्या.

"बघ की, कुनीतरी छत्री इसरलंय पायरीवर," मामा म्हणाले. "जांभळी हाय. बाईमाणसाची असंल."

अनुजानं पोस्टरवर एक नजर टाकली आणि दार ढकललं. मामांच्या बोलण्याकडं लक्ष द्यायची पद्धतच नव्हती.

आत नव्या माहितीपर पुस्तकांच्या कपाटात मधोमध मोकळी जागा होती. तिथलं पुस्तकही जिल्ह्यातल्या तळ्यांवरचंच. आजऱ्याच्या निवृत्त शिक्षिका इरावतीबाईंनी पदरमोड करून छापलेलं, परातीएवढं. पाणी किती चढलं ते कळावं म्हणून बाई प्रत्येक फोटोत स्वतःची छत्री उभी करायच्या, स्नेहलताईंनी सांगितलं. प्रती मोजक्याच निघाल्या, आता बाईंकडंही एक शिल्लक नाही. काल पूजेच्या गडबडीत कपाट उघडं राहिलं. पुस्तक गेल्याचं कळलं तेव्हा मंडळी आतच होती. पिशव्या पाहिल्या, कोपरा न् कोपरा धुंडाळला, पण पुस्तक मिळालं नाही.

"प्राध्यापकांचं पुस्तकही इथंच येणार?" अनुजानं विचारलं.

"आजच भेट देणार आहेत. एका विषयाची पुस्तकं आम्ही शेजारी-शेजारीच लावतो."

समोर पाटावर कालची पूजा मांडलेली होती. वाचनालयाची सर्वांत जुनी, हातात मावतील अशी चिमुकली पुस्तकं दरवर्षी तिथं ठेवायची आणि वर भरजरी कापड घालायचं. सीमोल्लंघन होऊन आपट्याचं सोनं वाटेपर्यंत त्या राशीला कुणी बोट लावायचं नाही, असा रिवाज होता.

विजयसिंह गरजतच आले. फुलं वाहण्यापुरतं सोडलं तर आपण दाराजवळून हललोच नाही, गुडघ्यांमुळं वाकता येत नाही म्हणून फुलंही उभ्यानं वाहिली आणि मांडामांड अभिराम सरांनी केली, असं त्यांनी ठणकावलं.

झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंचा राग वेगळाच होता. "पाटाभवती एवढी झ्याक रांगोळी काढलीती. दरसाली रास पाटावरच मावतीया. औंदा एका अंगानं भाईर आलीया आन् माझी रांगोळी झाकली की."

अभिराम सर मात्र लोण्याहून मऊ. "स्नेहलताईंना छळू नका हो. दिवाळीनंतर मीच दुसरी प्रत आणून देतो."

"द्येवमाणूस हाय," मामा कुजबुजले. "चोर त्यो अध्यक्ष. लई वरडतोय."

दुपारी सभागृह भरलं. विजयसिंह नव्या ग्रंथावरची फीत सोडणार तोच अनुजा उठली आणि म्हणाली, आधी पूजा हलवा.

"रिवाज मोडू नका," अभिराम घाईनं म्हणाले. "संध्याकाळी मी उचलतोच."

"तेच तर तुम्हाला हवंय, सर. पुस्तक बाहेर जाऊ शकलं नाही, म्हणजे आतच आहे. सगळं धुंडाळलं, फक्त ज्याला हात लावायचा नाही ते सोडून. चिमुकली पुस्तकं पाटाबाहेर येतील कशी? खाली परातीएवढं काहीतरी आहे, आणि रास तुम्ही रचलीत."

"पण मी का लपवू?"

"कारण तुमचा ग्रंथ आज याच्याच शेजारी बसणार होता. शेजारी बसला की जुळी भावंडं कुणालाही ओळखता येतात. ग्रंथातल्या छत्र्या तुम्ही कापल्या असतील. पोस्टर करणाऱ्याकडं मात्र न कापलेला फोटो गेला. आणि जी प्रत खुद्द बाईंकडं नाही, ती तुम्ही कुठून आणणार होता? घरातूनच ना, जिच्यातून हे फोटो उचललेत तीच?"

मामांनी कपाळावर हात मारला. छत्री सगळ्यांआधी त्यांनी पाहिली होती.

विजयसिंहांनी उभ्यानंच अक्षता टाकल्या आणि स्नेहलताईंनी एकेक पुस्तक उतरवलं. तळाशी इरावतीबाईंचं पुस्तक होतं, हळदीकुंकवानं माखलेलं. त्यांनी पानं उलटली आणि मामांनी शेजारी नवा ग्रंथ धरला. तीच तळी, त्याच पायऱ्या, फक्त छत्र्या तेवढ्या छाटलेल्या. अभिराम सर मान खाली घालून निघाले आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

टाळ्या इतक्या वाजल्या की अध्यक्षांना बोलायला थांबावं लागलं. "प्रकाशन न्हाय आता. इरावतीबाईंना फोन लावा, आजऱ्याला गाडी पाठवतो. सत्कार त्यांचा व्हईल." मग संध्याकाळची वाट न बघता त्यांनी आपट्याचं पहिलं पान स्नेहलताईंच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, ताई. चुकलं माझं. हे वाचनालय तुमचंच हाय."

स्नेहलताईंनी डोळे पुसले, पुस्तक कपाटात मधोमध ठेवलं आणि अभिराम सरांचा ग्रंथ उचलून त्याला खेटून उभा केला.

"त्यो कशाला?" मामांनी विचारलं.

"एका विषयाची पुस्तकं, मामा," ताई हसल्या. "लोकांना बघू दे की."