वगळलेलं वाक्य

जर्सी सिटीतल्या त्या बावीस मजली इमारतीचा फायर अलार्म महिन्यातून एकदा तरी कोणाच्या जळक्या टोस्टपायी वाजायचाच. नोव्हेंबरातल्या त्या सकाळीही वाजला, आणि नीलांबरी स्वेटरवर शाल गुंडाळून चौदा मजले उतरून फुटपाथवर आली. बारीक पाऊस होता. गर्दीपासून लांब, कोपऱ्यात एक उंच तरुण हेडफोन लावून उभा होता आणि इंग्रजीत, अगदी शांतपणे सांगत होता, "सकाळपासून माझ्या छातीत दुखतंय. डावा हात जड झालाय."

नागपूरची मुलगी ती... कोणाचं दुखणं ऐकून पुढे जाणं तिला कुठून जमणार! "अरे बापा! अहो, खाली बसा आधी!" घाबरली की तिला मराठीच सुचायचं. तिने त्याला पायरीवर बसवलं, आपली शाल त्याच्या खांद्यांवर टाकली आणि पर्समध्ये गोळी शोधायला लागली. तो एक हात वर करून 'थांबा, थांबा' अशी खूण करत होता आणि तोंडाने आता चक्क रशियन सुरू होतं.

चार मिनिटांनी कॉल संपला. "सॉरी," तो अडखळत मराठीत म्हणाला, "मी ओके आहे. छाती... दुसऱ्या कोणाची तरी होती."

तो देवांग. ओहायोतल्या डब्लिनमध्ये जन्मलेला, घरबसल्या फोनवर रशियन दुभाष्याचं काम करणारा. पेशंटकडे अँब्युलन्स निघाली होती, म्हणून त्याचा चेहरा जरा सैलावला होता.

"पण तुम्ही 'माझ्या छातीत' असं का म्हणालात? माझाच जीव जायची वेळ आली होती!"

"इंटरप्रिटर नेहमी 'मी'च म्हणतो. शब्द ॲड करायचा नाही, ड्रॉप करायचा नाही. दॅट्स द रूल."

"आणि स्वतःचं काही बोलायचं असलं तर?"

तो हसला. "तशी वेळ येत नाही." शाल परत द्यायला तो विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही.

आता योगायोग म्हणा की काही म्हणा, तिला तेव्हा नेमका रशियन जाणणारा माणूस हवा होता. शीतगृहांची यंत्रं बनवणाऱ्या तिच्या कंपनीला कझाकस्तानात पाय रोवायचा होता आणि ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. तिच्या व्हिसाची मुदत मार्चमध्ये संपत होती. करार झाला तर अल्माटीला तीन वर्षं. नाही झाला तर नागपूर. जर्सी सिटी दोन्हीकडे नव्हती. कंपनीने देवांगला दुभाषी नेमलं. रविवारी तो तिला लॉबीत रशियन शिकवायचा, ते मात्र कंपनीच्या कामात धरलेलं नव्हतं.

"शेजारच्या किर्गिझस्तानात, बिश्केकमध्ये मी डेंटल खुर्च्या विकायचो," एका रविवारी तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला. "पार्टनरच्या घरी पहिलं जेवण. त्याच्या आईने स्वतः केलेलं. आणि मी, ताटांच्या मध्ये चाळीस पानी काँट्रॅक्ट ठेवलं. मला वाटलं, मी प्रोफेशनल आहे. त्याला वाटलं, मी त्याला त्याच्याच घरात चोर म्हणतोय... धंदा दोन वर्षं ओढला, पण मी खरं तर त्या रात्रीच बुडालो. तिथे आधी तुझी माणसं कोण ते बघतात. कागद नंतर."

"मग आपल्याकडे काय वेगळं असतं?"

"आय वुडन्ट नो. मी ओहायोचा."

ती हसली, पण तो हसला नाही. त्या जेवणाची लाज अजून त्याच्या तोंडावर होती. हा माणूस आपल्याला आवडतो, हे नीलांबरीला त्याच क्षणी कळलं आणि मार्च फार जवळ आहे, हेही.

अल्माटीजवळ सफरचंदांच्या बागा आणि गोदामं सांभाळणाऱ्या सौले आपा तिच्याशी सात वेळा व्हिडिओवर बोलल्या. सातही वेळा यंत्रांचा विषय निघाला नाही. आईचे गुडघे कसे आहेत, भाऊ काय करतो, स्वयंपाक कोणी शिकवला... देवांग एकेक शब्द इकडचा तिकडे नेत राहिला. प्रत्येक नीट पोचवलेल्या वाक्यागणिक ती त्याच्यापासून लांब चालली होती, आणि त्याने एकही वाक्य ढिलं सोडलं नाही. तिला त्याचा अभिमान वाटायचा आणि तितकाच रागही यायचा.

आठवा कॉल फेब्रुवारीत झाला. इकडे सकाळचे नऊ, तिकडे संध्याकाळ. आपांनी पेला बाजूला ठेवला आणि सावकाश, बराच वेळ बोलल्या. देवांगच्या हातातलं पेन थांबलं.

"मी करार करते," तो म्हणाला. "यंत्रं तुमचीच घेईन. पण तू स्वतः इथे येऊन राहायचं."

एवढंच. आपांचं बोलणं याच्या दुप्पट होतं. चार महिन्यांचे रविवार नीलांबरीने काही वाया घालवले नव्हते. "आपा," ती मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाली, "याने सगळं सांगितलं नाही."

मग ती त्याच्याकडे वळली. "पूर्ण सांग. नियम तुझाच आहे."

त्याचे कान लाल झाले. तो टेबलाकडे बघत, आपांचा 'मी' जसाच्या तसा ठेवून बोलला, "मी आठ वेळा या मुलाला पाहिलं. तो माझं बोलणं तुला सांगताना तुझ्याकडे ज्या नजरेने बघतो... मुली, त्याला विचारल्याशिवाय येऊ नकोस."

"मग? विचारू?"

हजारो माणसांच्या वतीने बोललेला तो माणूस स्वतःच्या वतीने मात्र "नीलांबरी, आत्ता नको... प्लीज," एवढंच म्हणाला. तिला रडू आलं. आपांसमोर रडायचं नाही म्हणून तिने मान खाली घातली आणि करार पाठवून द्या म्हणाली.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तो तिच्या बॅगा उतरवायला आला. फ्लॅट रिकामा झाला होता. "उबर खाली आलीये, चल," ती म्हणाली. मधल्या तीन आठवड्यांत तिने मनाची बरीच समजूत घातली होती.

"एक मिनिट. बस." त्याने एक बॅग आडवी केली. "तिकडे प्रवासाला निघण्याआधी सगळे बसतात. न बोलता."

दोघं दोन बॅगांवर बसले. खिडकीवर पाऊस वाजत होता. मिनिट झालं. मग दुसरंही झालं. तो काही उठेना.

"देवांग, गाडी..."

"मी उठलो की तू जाशील. मला तू आवडतेस. खूप. पहिल्या दिवसापासून. तुला थांब म्हणायचा मला हक्क नाही, आणि मी तिकडे येतो म्हणायची... हिंमत नव्हती. मी तिथून पळून आलोय, यू नो? पार्टनरच्या आईला सॉरीसुद्धा न म्हणता."

नीलांबरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अल्माटीहून बिश्केक किती लांब?"

"चार तास. गाडीने."

"मग आधी तिथे जा, त्यांच्यासमोर बस, माफी माग. आणि मग माझ्याकडे ये. मी जेवायला थांबेन."

"मे महिन्यात," तो म्हणाला. "तिकीट काढतो. आत्ता काढतो." घाईत त्याने दोनदा चुकीचा महिना निवडला, म्हणून फोन तिलाच हातात घ्यावा लागला.

खालून ड्रायव्हरचा तिसरा फोन वाजला. तिने ती गाडी कॅन्सल केली. पुढची सात मिनिटांवर दाखवत होती. तिने आपली बॅग सरकवून त्याच्या बॅगेला लावली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.