अर्ध्या तासाचं काम

"हा खरंच टाकायचाय?"

ऑक्टोबरचा बारीक, बोचरा पाऊस पडत होता. शॉमबर्गच्या त्या मोठ्या पार्किंग लॉटमध्ये जुने टीव्ही आणि प्रिंटर टाकायला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती, आणि माझ्या डिकीतून कॉम्प्युटर उचलणारा पिवळ्या जॅकेटमधला स्वयंसेवक माझ्याशी चक्क मराठीत बोलत होता. मी मराठी आहे हे त्याला कसं कळलं, ते विचारायची गरजच नव्हती. गाडीच्या स्पीकरवरून माझी आई नागपूरहून साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात एका स्थळाची उंची सांगत होती.

मी घाईघाईने फोन बंद केला. "हो, टाकायचाय. जुना आहे. नवीन विंडोज चालत नाही त्याच्यावर."

"विंडोज नाही चालणार. लिनक्स मस्त चालेल." तो धुळीने भरलेला डबा त्याने पावसापासून वाचवत पोटाशी धरला होता. "जीव आहे हो यात अजून. मी इन्स्टॉल करून देतो."

"आणि तुम्हाला काय मिळणार त्यातून?"

त्याने चष्म्यावरचं पाणी बाहीने पुसलं, जरा विचार केला. "चहा...?"

खरं सांगायचं तर मला कॉम्प्युटरची काडीइतकी गरज नव्हती. तो माझ्या रूममेटचा, वीणाचा. ती लग्न करून सिॲटलला गेली, आणि जाताना तो डबा आणि एक रिकामी खोली मागे ठेवून गेली. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे, हसून 'गुड जॉब' म्हणायचं आणि घरी यायचं. शुक्रवारी क्लिनिकमधून निघताना सगळ्यांना 'हॅव अ गुड वीकेंड' म्हटलं, की थेट सोमवारपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. आईचा फोन यात मोजायचा नाही, त्यात बोलते ती. एकदा तर मी दुकानातल्या बिल करायच्या मशीनला 'थँक यू' म्हणून बसले होते. अशा बाईला एक बऱ्यापैकी दिसणारा माणूस चहावर काम करून देतो म्हणतोय, तर ती नाही कशी म्हणेल?

त्याचं नाव ऋषी. मूळचा नाशिकचा, इथे एका विमा कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. पुढच्या शनिवारी दुपारी तो एक पेन ड्राइव्ह खिशात घालून माझ्या अपार्टमेंटमध्ये आला, बूट दाराबाहेर काढले, आणि खुर्ची ओढून कामाला लागला. आधी त्याने गंभीरपणे विचारलं, की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? मी म्हटलं, पुसा. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा वर धावायला लागली, आणि धावतच राहिली.

"हे काय चाललंय?"

"कंपाइल होतंय. यात काही तयार मिळत नाही. प्रत्येक प्रोग्राम याच मशीनवर, पहिल्यापासून बनवायचा."

"म्हणजे पाकिटातला मसाला नाही. घरीच भाजायचा, घरीच कुटायचा."

"एक्झॅक्टली," तो म्हणाला, आणि पडद्याऐवजी माझ्याकडे बघत राहिला, जरुरीपेक्षा जरा जास्तच.

मशीन जुनं, त्यामुळे कुटणं काही संपेना. एक प्रोग्राम तयार व्हायला अख्खी दुपार जायची. तोपर्यंत करायचं काय? मग चहा, मग पोहे, आणि नागपूरकर पोह्यांवर तर्री कशाला ओततात यावर भांडण. दर शनिवारी संध्याकाळी तो मान हलवून सांगायचा, की अजून बरंच बाकी आहे. मी चेहरा पाडून "अरेरे" म्हणायचे. माझ्याइतकं खोटं 'अरेरे' त्या अख्ख्या राज्यात कोणी म्हटलं नसेल.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांच्याही लक्षात न येता. डबा तापला का बघायला तो त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा. एकदा मीही ठेवला, त्याच्या हाताच्या अगदी शेजारी.

"तापलाय का रे?"

"थोडासा..." तो म्हणाला. हात मात्र कोणीच काढला नाही. आतला पंखा घरघरत होता, बाहेर मेपलची शेवटची पानं गळत होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की भीतीच वाटली.

भीती खरी ठरली. पुढच्या शनिवारी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि पडद्याकडे बघतच सांगितलं, की कंपनी त्याची टीम ॲरिझोनात, चँडलरला हलवतेय. थँक्सगिव्हिंग झालं की लगेच सोमवारी निघायचं.

"नाही म्हणता येणार नाही?" मी विचारलं.

"व्हिसा त्यांच्याकडे आहे यार."

माझ्या ग्रीन कार्डची फाइल माझ्या क्लिनिकने भरलेली. नोकरी सोडली, की ती पुन्हा पहिल्यापासून. दोघांनाही हे पाठ होतं. इथे आलेल्या माणसाला प्रेमाआधी कागदपत्रं आठवतात. तो एवढंच म्हणाला, की काळजी करू नकोस, पुढच्या शनिवारी सिस्टीम पूर्ण करूनच जाईन. जशी काही मला सिस्टीमची काळजी होती.

त्या आठवड्यात मी मिस्टर कोवाल्स्कींचा आखडलेला खांदा सोडवत होते. निवृत्त इंजिनिअर, गप्पिष्ट गृहस्थ. त्यांचं दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून मी कॉम्प्युटरची गोष्ट काढली, की महिना उलटला तरी लिनक्स काही बसत नाहीये. ते इतके हसले की खांदा आपोआप वर गेला. म्हणाले, माझ्या जुन्या मशीनवर तर मी जेवायच्या आधी ते घालायला घेतलं आणि जेवण होईपर्यंत झालं; अर्ध्या तासाचं काम आहे. मग मी त्यांना कंपाइलचं, त्या धावणाऱ्या अक्षरांचं वर्णन केलं. त्यांनी मान हलवली. तयार लिनक्सही मिळतं; तुझ्या मित्राने मुद्दाम सगळ्यात लांबचा रस्ता धरलाय, म्हणाले, आणि डोळा मारला.

घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते. पार्किंगमध्ये गाडी थांबली आणि रडू आलं. इतके शनिवार या माणसाला हेच हवं होतं, मलाही हेच हवं होतं, आणि दोघंही एका डब्याकडे बघत बसलो होतो. आता एकच शनिवार उरला होता, आणि मिस्टर कोवाल्स्की हसले नसते तर तोही मी असाच घालवून बसले असते.

शेवटच्या शनिवारी बर्फ भुरभुरत होता. ऋषीने मशीन पुन्हा सुरू केलं. निळाशार, स्वच्छ पडदा आला, ब्राउझर उघडला, मराठी अक्षरंसुद्धा सुरेख दिसली.

"झालं," तो म्हणाला. आवाजात आनंद औषधालाही नव्हता.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं पुस. आणि ते दुसरं घाल. अर्ध्या तासात होतं ते."

त्याचे कान लाल झाले. नाशिकच्या त्या सावळ्या माणसाचे कान लाल होऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कोणी सांगितलं तुला?"

"ते सोड. का केलंस ते सांग."

"सोपं घातलं असतं तर पहिल्याच शनिवारी संपलं असतं ना..." तो हळूच म्हणाला. "मग दुसऱ्या शनिवारी मी काय रीझन देऊन आलो असतो?"

"रीझन मागितलं होतं का कोणी?"

मग त्याने खरोखरच सगळं पुसलं. महिन्याभराचं काम, काही क्षणांत. नवीन सिस्टीम बसायला लागली. एक पट्टी शांतपणे भरत गेली, ना अक्षरं, ना घरघर. आमचा चहा संपायच्या आत काम उरकलं. मग मी मॉनिटर बंद केला. खोलीत बघायला आता काही उरलं नाही, एकमेकांशिवाय.

"आता काही काम नाहीये," मी म्हटलं. "तरी बसशील?"

तो बसला. सगळी दुपार बसला. त्याने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, की त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये आईला 'उंचीचं काय करू गं' म्हणणारा माझा आवाज ऐकला, आणि त्याला इथे आल्यापासून पहिल्यांदा घरी गेल्यासारखं वाटलं होतं. मला उत्तर द्यायचं होतं. पण मी नुसती मान हलवत राहिले. अंधारायला लागलं तेव्हा तो उठला, बूट घातले आणि गेला.

मी खिडकीशी आले. खाली त्याची गाडी उभी होती, दिवे लागलेले, काचेवरचा बर्फ वायपरने पुसला जात होता. पण गाडी हलत नव्हती. मी कोटही न घेता जिना उतरले. त्याने काच खाली केली.

"मला तू आवडतोस," मी धापा टाकत म्हटलं. "खूप. तू चँडलरला जा. मी फाइल सोडून तिकडे येईन की नाही, मला माहीत नाही, आणि आज खोटं बोलायचं नाहीये. पण हे ऐकून जा."

त्याने पलीकडचं दार उघडलं. "बस ना... हीटर चालू आहे."

सोमवारी तो गेला. शनिवारी दुपारी मी सवयीने दोन कप पाणी गॅसवर ठेवलं, मग एक कप ओतून टाकलं. त्या घरात मी याआधीही एकटीच चहा प्यायचे. पण तेव्हा कोणी नव्हतं म्हणून एकटी होते. आता ऋषी नव्हता.